कोयनेलचा निळा उजेड आणि माझी साक्ष

प्रा. सुपडू भिका चौधरी सरांची आणि माझी पहिली भेट झाली ती त्यांचे तीन तासांचे काम बुडवूनच. धुळ्याच्या आमच्या महाविद्यालयात रसायनशास्त्र विभागात डेमॉन्स्ट्रेटर म्हणून मी रुजू झालो, तो दिवस. चौधरी सर जिन्याखालच्या खोलीत भेटतील, असे शिपायाने सांगितले. मी दार वाजवले नाही, सरळ ढकलले. आत काळ्या मांजरपाटाचे पडदे, जूनचा उकाडा, आणि बनियनवर बसलेले एक गृहस्थ परीक्षानळीतल्या मंद निळ्या उजेडाकडे टक लावून पाहत होते. माझ्या पाठोपाठ बाहेरचे ऊन आत शिरले आणि त्यांची सगळी मापे वाया गेली. आता हे ओरडणार, असे मला वाटले. ते म्हणाले, "आलाच आहेस तर दार लावून घे. आणि शर्ट काढून ठेव, इथे भट्टी आहे."

सर तेव्हा त्रेचाळीस वर्षांचे होते. आज त्यांची साठी होत आहे, आणि त्यानिमित्त निघणाऱ्या या ग्रंथासाठी माझ्याकडे लेख मागण्यात आला, तो 'सरांचे पट्टशिष्य' म्हणून. ही पदवी मला कोणी दिली, मला माहीत नाही. लेख वाचून झाल्यावर ती माझ्याकडे राहू नये, अशी माझी इच्छा आहे.

सरांचे काम काय होते, हे आधी सांगतो, कारण पुढचे सगळे त्यावर उभे आहे. काही औषधांवर डोळ्यांना न दिसणारा अतिनील प्रकाश टाकला की ती स्वतः उजळतात. याला पुस्तकात प्रतिदीप्ती म्हणतात. हिवतापावरचे कडू कोयनेल पातळ सल्फ्युरिक आम्लात विरघळवले की सुरेख निळे दिसते. हा उजेड किती पडतो यावरून द्रावणात औषध किती आहे, हे मोजतात. सरांचे म्हणणे असे, की उजेड फक्त औषधाच्या प्रमाणावर ठरत नाही. औषधाच्या रेणूला अगदी लगटून कोण बसले आहे, त्यावरही ठरतो. पहिल्याच दिवशी, मी मोडलेला प्रयोग बाजूला सारून, त्यांनी मला ते दाखवले. निळ्या नळीत चिमूटभर मीठ टाकले. उजेड जवळजवळ विझला.

"कोयनेल कुठे गेलं?" सरांनी विचारले.

"नष्ट झालं असेल, सर."

"जागच्या जागी आहे. मिठातला क्लोराइड त्याला येऊन धडकतोय, म्हणून त्याचा उजेड पडत नाही. आता बघ."

त्यांनी दुसऱ्या बाटलीतले सोडियम लॉरिल सल्फेटचे द्रावण नळीत घातले. हा साबणाच्या जातीचा पदार्थ. मात्र साबण आम्लात फाटतो, हा फाटत नाही. नळी पुन्हा निळी झाली. या पदार्थाचे रेणू पाण्यात एकमेकांना धरून अतिसूक्ष्म गोळे करतात. गोळ्याच्या अंगावर ऋण भार असतो. धन भाराचे कोयनेल त्याला चिकटते, आणि ऋण भाराचा क्लोराइड दूर लोटला जातो. मिलिमीटरचा लाखावा भागही नसलेल्या त्या जागेत औषधाचे वागणे पालटते, हे सर जिन्याखालच्या खोलीत एक जुना फोटोसेल आणि गॅल्व्हानोमीटर जोडून मोजत होते. हा उजेड मोजणारा नवा फ्लुओरीमीटर विभागात होता, पण तो विभागप्रमुखांच्या केबिनमध्ये कुलपात असे. सरांना तो आठवड्यातून एक दुपार मिळायची.

विभागप्रमुख हेच सरांचे पीएच.डी.चे मार्गदर्शक होते आणि माझेही. त्यांचे नाव या ग्रंथात इतरत्र आदराने आलेले आहे, प्रस्तावनाही त्यांचीच आहे, म्हणून मी ते पुन्हा लिहीत नाही.

दुसऱ्या वर्षी पावसाळा संपता संपता एरंडोल तालुक्यातल्या एका गावात तापाची साथ आली. तिथल्या सरकारी दवाखान्यात पंडितनाना नावाचे कंपाउंडर होते. लोक त्यांच्या हातचे कोयनेलचे मिश्रण घेत होते आणि ताप उतरत नव्हता. एक बाळंतीण दगावली. तो ताप हिवतापाचा होता की आणखी कसला, हे कोणी तपासले नाही. कंपाउंडर औषधात पाणी घालतो, असे एकाने म्हटले आणि चार दिवसांत सारा गाव ते म्हणू लागला. चिडलेल्या लोकांनी दवाखान्यातले मिश्रण ओट्यावर ओतून दिले. चौकशी अधिकाऱ्यांच्या हाती एक लहान बाटली लागली. सरकारी प्रयोगशाळेचा निकाल यायला महिने लागले असते, म्हणून त्यांनी ती आमच्या विभागप्रमुखांकडे पाठवली. विभागप्रमुखांनी माझ्याकडे दिली.

तपासणी मी केली. तुलनेसाठी शुद्ध कोयनेल सल्फ्युरिक आम्लात केले. नमुना करताना फ्लास्क अर्धा भरला आणि सल्फ्युरिकची बाटली संपली. नवे आम्ल पातळ करून घ्यायला वीस मिनिटे लागली असती. मला घाई होती. कसली, ते आता आठवतही नाही. शेजारी हायड्रोक्लोरिकची बाटली होती. उरलेला फ्लास्क मी त्याने भरला. वहीत 'पातळ आम्ल' एवढेच लिहिले. उजेड निम्म्याच्याही खाली भरला. विभागप्रमुखांनी अहवालावर सही केली, आणि नेहमीच्या रिवाजाप्रमाणे नमुन्याची बाटली धुवायला सांगितली. ती मीच धुतली. पंडितनाना निलंबित झाले.

ते सरांच्या गावच्या शेजारच्या गावचे. सरांनी ही बातमी ऐकली आणि सरळ माझ्या टेबलाशी आले.

"वही दाखव." त्यांनी पान वाचले. "शुद्ध कोयनेलपुढे 'सल्फ्युरिक' लिहिलंस. नमुन्यापुढे आम्लाचं नाव का नाही?"

मी सांगून टाकले. सरांना खोटे सांगावे, हे त्या दिवशी मला सुचलेच नाही. हायड्रोक्लोरिकमध्ये तोच क्लोराइड आहे, जो मिठात आहे. पहिल्या दिवशी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेली गोष्ट मी विसरलो होतो.

सर ओरडले नाहीत. म्हणाले, "नमुना उरलाय का?"

बाटली धुतली होती. पण फ्लास्क मी आळसाने तसाच कपाटात ठेवला होता. सरांनी त्यातले थोडे द्रावण काढून जिन्याखालच्या खोलीत लॉरिल सल्फेट घालून पाहिले. उजेड वर चढला. पाच वेळा केले, पाचही वेळा चढला. शुद्ध कोयनेल त्याच मिश्र आम्लात करून तुलना केली. औषध पुरेपूर होते. बाटलीत पाण्याचा एक थेंबही जास्त पडलेला नव्हता.

सर मला घेऊन विभागप्रमुखांकडे गेले. त्यांनी सगळे ऐकून घेतले, चष्मा पुसला आणि म्हणाले, "चौधरी, अहवाल गेलाय. आता चुकलं म्हणायचं म्हणजे विभागाची अब्रू जाते."

"सर, एका माणसाची नोकरी जातेय."

"तो चोर नसेल कशावरून?"

"या फ्लास्कवरून," सर म्हणाले.

विभागप्रमुखांनी अहवाल मागे घेतला नाही. तेव्हा सरांनी चौकशी अधिकाऱ्यांना स्वतःच्या नावाने पत्र लिहिले आणि प्रात्यक्षिक दाखवण्याची परवानगी मागितली. ती मिळाली. तारीख ठरली तेव्हा सरांनी मला एकच विचारले, "अधिकाऱ्यांनी विचारलं तर सांगशील ना?"

मी म्हणालो, "सांगेन, सर."

त्या दिवशी सकाळी विभागप्रमुखांनी मला केबिनमध्ये बोलावले. आवाज अगदी मायेचा होता. "अशोक, प्रबंध टायपिंगला गेला ना? आणि तुला कायम करायचा प्रस्ताव माझ्यापुढे आहे, आज-उद्या पाठवतो. काय आहे, आम्ल ते आम्लच. उगीच बारकाव्यात शिरू नकोस."

चौकशी विश्रामगृहाच्या दिवाणखान्यात, भर दुपारी झाली. पडदे ओढून अंधार केला होता. पंडितनाना धुतलेली टोपी घालून भिंतीशी उभे होते. बसा म्हटले तरी बसले नाहीत. अधिकाऱ्यांनी विचारले तेव्हा ते आपल्या बोलीत म्हणाले, "सायेब, चोवीस वरीस व्हयनात मी औषधं बनाडस. कोयनेलमा पानी टाकेल नही मी."

मग सरांनी अतिनील दिवा लावून प्रयोग केला. आधी नुसत्या पाण्यात लॉरिल सल्फेट घालून दाखवले: उजेड नाही. मग फ्लास्कमधले द्रावण: मंद उजेड. मग त्यात लॉरिल सल्फेट. अंधारात सगळ्यांना दिसेल इतके निळे झाले. चौकशी अधिकारी पुढे वाकले. "म्हणजे औषध पूर्ण आहे, असं म्हणता?"

"पूर्ण आहे. हे द्रावण करताना हायड्रोक्लोरिक आम्ल पडलंय, म्हणून उजेड कमी दिसला. द्रावण ज्यांनी केलं ते इथेच आहेत. त्यांना विचारा."

सरांनी माझे नाव घेतले नाही, माझ्याकडे पाहिलेही नाही. माझे मी सांगावे, एवढी जागा त्यांनी माझ्यासाठी ठेवली होती.

अधिकाऱ्यांनी विचारले, "कोणतं आम्ल घातलं होतं?"

विभागप्रमुख छताकडे पाहत होते. मी म्हणालो, "सल्फ्युरिक."

"मग हा उजेड वाढला कसा?"

उत्तर विभागप्रमुखांनी दिले. "साहेब, धुण्याच्या पावडरीने कपडे चमकतात की नाही? तसंच हे. साबण घालून औषध शुद्ध झालं असतं तर दवाखान्यात साबणच वाटला असता." खोलीत हशा पिकला. त्या हशात मी नव्हतो, असे लिहिण्याची सोय मला नाही. तोंड वाकडे करून मीही हसलो.

नुसत्या पाण्यात तोच पदार्थ अजिबात चमकला नव्हता, हे सरांनी दोनदा सांगितले. कोणी ऐकले नाही. पडदे उघडले गेले. पंडितनाना नमस्कार करून बाहेर पडले. सर दिव्याची वायर गुंडाळू लागले. वायर लांब होती. ते मला म्हणाले, "ते टोक धर." मी धरले. माझ्या उत्तराबद्दल ते काहीही बोलले नाहीत, त्या दिवशीही नाही आणि नंतरही नाही.

पंडितनाना बडतर्फ झाले. मी कायम झालो. सहा महिन्यांनी सरांची पीएच.डी.ची नोंदणी 'प्रगती समाधानकारक नाही' या कारणाने रद्द झाली. फ्लुओरीमीटरची आठवड्याची दुपारही गेली. सरांनी पंडितनानांसाठी वर अर्ज केले, सलग पाच वर्षे. काहींची पोच आली. दर अर्जाची प्रत घेऊन ते एस.टी.ने त्या गावी जात आणि नानांना वाचून दाखवत. एकदा मी सोबत गेलो होतो. का गेलो, सांगता येत नाही. बहुधा मला कोणीतरी शिव्या द्याव्यात म्हणून. कोणी दिल्या नाहीत. नानांनी आम्हा दोघांना चहा दिला आणि सरांना म्हणाले, "सर, तुमले माहीत शे ना, मी पानी टाकेल नही? मंग बठ्ठं गाव काय बी म्हनो." माझ्या हातात बशी होती. मी चहा पिऊन टाकला.

यानंतरची गोष्ट मला सर्वांत जड जाते. चौकशीला दोन वर्षे होऊन गेली होती. सूक्ष्म गोळ्यांच्या आसऱ्याने औषधांचा उजेड कसा बदलतो, यावर विभागप्रमुखांनी एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. ज्या कल्पनेवर त्यांनी विश्रामगृहात हशा पिकवला होता, तीच ही कल्पना. लेखक दोघे: ते आणि मी. कोयनेल, लॉरिल सल्फेट, क्लोराइड, सगळे तेच. फक्त मापे नव्या यंत्रावरची. सरांचे नाव आभारातही नव्हते. अंक ग्रंथालयात आला त्या दिवशी सर तो घेऊन माझ्याकडे आले. 

सर म्हणाले, "काम नीट झालंय. दुसऱ्या तक्त्यात तिसऱ्या ओळीचं दशांशचिन्ह चुकलंय. दुरुस्तीचं पत्र पाठव, नाहीतर पुढचा माणूस फसेल."

मी हा प्रसंग अनेक सत्कारांत 'सरांचे मोठे मन' म्हणून सांगितला आहे. मन मोठे होते, हे खरेच. पण ते माझ्याशी फक्त तक्त्याबद्दल बोलले, यातली शिक्षा मी दर वेळी गाळली.

पीएच.डी. गेली तरी सरांचे काम थांबले नाही. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी जळगावच्या एका ओळखीच्या सोनाराकडून गुंजभर सोन्याचा कीस आणला, अम्लराजात विरघळवला आणि त्याच्यापासून काचेच्या नळीत डाळिंबी रंगाचे पाणी केले. इतके बारीक केलेले सोने पिवळे दिसत नाही. चमकणारा रंग त्या कणांना चिकटला की विझतो, आणि मध्ये जराशी जागा ठेवली की पुन्हा दिसू लागतो, हे ते बी.एस्सी.च्या मुलामुलींना हातात नळी देऊन दाखवत. सोन्या-चांदीच्या मोजक्या अणूंचे पुंजके स्वतःच उजळू शकतात का, यावरही ते चिठ्ठ्या लिहून ठेवत. आज या विषयाला मोठी नावे येऊ लागली आहेत. परिसंवादांची निमंत्रणे मला येतात. सर निवृत्त होत आहेत ते अधिव्याख्याता म्हणूनच.

व्यक्तिगत जिव्हाळ्याविषयी लिहावे, असे संपादकांनी कळवले आहे. तर लिहितो. माझे वडील पक्षाघाताने अंथरुणाला खिळले तेव्हा मी सव्वा महिना शिरपूरजवळच्या आमच्या गावी होतो. माझ्या प्रात्यक्षिकांच्या चारही तुकड्या सरांनी घेतल्या. मला निरोपसुद्धा पाठवला नाही. परत आलो तेव्हा मुलांची सगळी जर्नल्स तपासून माझ्या टेबलावर ठेवलेली होती. मी आभार मानायला गेलो. सर म्हणाले, "पोरांचा अभ्यास बुडत होता." आपल्यासाठी कोणी काही केले, असा समजही त्यांनी मला करून घेऊ दिला नाही.

हा लेख मी याआधी एकदा लिहिला होता. त्यात सरांचा साधेपणा होता, निगर्वीपणा होता, 'ऋषितुल्य' हा शब्द होता. तो संपादकांना आवडला. मग मी हा दुसरा लिहिला आणि गेल्या महिन्यात देवपुरातल्या सरांच्या घरी जाऊन त्यांना वाचून दाखवला.  सरांच्या पत्नी, आमच्या काकू, दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "पंधरा वर्षं लागली का रे अशोक?" सर मला म्हणाले, "मला वाचून काय उपयोग? मला माहीतच होतं. नाना गेले. त्यांची लेक मंदा एरंडोलला दिली आहे. आधी तिला वाचून दाखव. ती छापू नका म्हणाली तर छापू नकोस."

मी एरंडोलला गेलो. मंदाताई अंगणवाडीत काम करतात. अंगणवाडी सुटल्यावर, मुलांच्या सतरंजीवर बसून मी त्यांना लेख वाचून दाखवला. त्या हातातला खडू मोडत ऐकत होत्या. वाचून झाले तेव्हा त्यांनी विचारले, "म्हणजे तुम्हाला त्याच दिवशी माहीत होतं?"

"हो."

"आमचे आबा विचारायचे, त्या तरुण साहेबांना खरंच आठवत नसेल का? घाईत विसरले असतील बिचारे, असं म्हणायचे." मग त्यांनी खडूचे तुकडे वेचले. "माझ्या लग्नानंतर सासरी मला नावाने कोणी हाक मारली नाही. पानीवालानी पोर, असंच म्हणायचे. पाण्याचा हंडा भरून आणला तरी हसायचे."

मी म्हणालो, "ताई, तुम्ही सांगाल ते करतो."

"तुम्ही काय करणार आता? आबा नाहीत." त्या उठल्या, सतरंजी झटकून घडी घातली. "छापा. आणि मला एक प्रत द्या. माझ्या सासूबाई अजून आहेत. त्यांना कमी ऐकू येतं, पण मी मोठ्याने वाचीन."

म्हणून हा लेख. संपादक मंडळाने तो वगळला तर माझी तक्रार नाही. मंदाताईंकडे प्रत पोचलेली आहे, आणि तेव्हा चौकशी करणाऱ्या कार्यालयाला माझ्या सहीचे निवेदनही गेले आहे. प्रस्तावनाकारांना काही म्हणायचे असेल तर त्यांनी अवश्य म्हणावे.

आदरणीय चौधरी सरांना उदंड आयुष्य लाभो. त्यांच्या गुडघ्यांचे दुखणे कमी होवो, डोळे शेवटपर्यंत तेज राहोत, आणि काकूंची सोबत त्यांना दीर्घकाळ मिळो. सर, आपण पुष्कळ जगा. खरे बोलायला मला पंधरा वर्षे लागली; पंडितनाना तेवढे थांबू शकले नाहीत.